भातुकलीचे अर्थशास्त्र

(पक्षाचे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका व पालक यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)

ज्या माणसाने उभा जन्म मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढण्यात घालवला, त्याला लहान मुलांच्या खेळावर बोलायला का बोलावले असावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. बालमानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. बालवाडी मी कधी चालवलेली नाही. माझी स्वतःची मुले लहान असताना काय खेळत, हे त्यांच्या आईला विचारावे लागेल. कारण त्या काळी मी व्याख्याने, बैठका आणि मोर्चे यांत बुडालेला होतो. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही. तथापि गेल्या मे महिन्यात गावच्या घराच्या अंगणात मी एक खेळ पाहिला, आणि त्याचा माझ्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे असे तेव्हापासून वाटू लागले आहे. म्हणून तो खेळच आधी सांगतो.

चार मुले होती. थोरली माझी नऊ वर्षांची नात, बाकीची शेजारची. भातुकली मांडलेली. विटांच्या तीन तुकड्यांची चूल, फुटक्या कौलाचा तवा, करवंटीचे पातेले, वाळूचा भात, जास्वंदीच्या पानांच्या पोळ्या. नात अर्थातच आई झाली होती. सहा वर्षांचा एक मुलगा बाबा होता. बाबांचे काम असे की, त्यांनी ‘कामावर’ म्हणून विहिरीच्या कठड्यामागे जायचे, दहा आकडे मोजायचे, परत येऊन जेवायचे आणि पुन्हा कामावर जायचे. तिसऱ्या फेरीनंतर तो बिचारा कंटाळला. म्हणाला, “मी भात लावतो.” नात म्हणाली, “बाबा भात लावत नसतात.” तो जरा वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, “बरं, तुमच्याकडे लग्न आहे. मी आचारी.” हा तोडगा तत्काळ मान्य झाला! एवढेच नव्हे, तर ‘किती घेणार?’ अशी घासाघीसही झाली आणि दहा चिंचोक्यांवर सौदा ठरला.

मित्रहो, चूल तीच, करवंटी तीच, वाळूही तीच. आईने भात लावला तेव्हा चिंचोका एकही नव्हता. आचाऱ्याने लावला तेव्हा दहा चिंचोके पडले. शिवाय पुरुषाने चुलीपाशी बसण्यातली अडचणही दूर झाली. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात एक मार्मिक विसंगती दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच राहते, पण ते हिशेबातून गळते. पदव्युत्तर वर्गात हा मुद्दा समजावून द्यायला मला एक तास लागत असे. अंगणातल्या त्या दोन मुलांना तो कोणी न शिकवता ठाऊक होता.

आता या खेळाकडे थोडे बारकाईने पाहू. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली लेनिनग्राडमध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिले. त्यातली दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पहिले काठीच्या घोड्याचे. मूल काठीवर बसते आणि काठीचा घोडा होतो, म्हणजे वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला मूल खेळातच शिकते. पुढे भाषा, गणित, कला, शास्त्र जे काही माणूस करतो, त्याचे बीज या सुटे करण्यात आहे. दुसरे उदाहरण दोन सख्ख्या बहिणींचे. त्या ‘आपण बहिणी-बहिणी खेळू’ असे ठरवतात. एरवी बहिणी असूनही त्या कशाही वागतात. पण खेळात मात्र बहिणीने कसे वागावे याचा जो नियम त्यांच्या मनात आहे, तो त्या कसोशीने पाळू लागतात. खेळ म्हणजे मोकाट सुटलेली लहर नव्हे. कल्पित प्रसंग आला की त्याच्या पोटात नियम येतोच, असे व्हिगॉट्स्कीचे म्हणणे.

ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की माझ्या अंगणातला पेच उलगडतो. भातुकलीत कौलाला तवा होण्याची मुभा आहे. पानाला पोळी होता येते, आणि उद्या मनात आले तर तेच पान होडी किंवा नोट होईल. वस्तूंना संपूर्ण स्वातंत्र्य आहे. भूमिकांना मात्र ते नाही. वाळूचा भात होतो, पण बाबांना भात लावता येत नाही. कल्पकता ज्या दाराने आत येते, त्याच दाराने रूढीही येते. दोघी हातात हात घालून येतात. म्हणून ‘मुलांना खेळू द्या, ती आपोआप सृजनशील होतील’ असे जे शिक्षणप्रेमी मंडळी म्हणतात ते अर्धेच खरे आहे. आणि ‘भातुकली मुलींना चुलीला जखडते, म्हणून ती बंद करा’ असे आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते म्हणतात, तेही तितकेच अर्धे आहे.

किंबहुना भातुकली हा सर्वांत समृद्ध खेळांपैकी एक आहे, असे मी आता म्हणू लागलो आहे. त्यात पाहुणे अचानक येतात, मीठ संपते, बाळाला ताप येतो, शेजारीण भांडते. सतत बोलणे, योजणे, कथानक पुढे नेणे, दुसऱ्याच्या मनात शिरणे चाललेले असते. आणि हा सगळा ऐवज मुलींच्या पदरात टाकून आपण काय केले? त्या शब्दालाच क्षुल्लकपणाचा अर्थ चिकटवला. ‘ही काय भातुकली चालली आहे?’ असे आपण बैठकीतसुद्धा म्हणतो. मुलग्याच्या वाट्याला आले ते विहिरीमागे जाऊन दहा आकडे मोजणे. तो मुलींत रमला तर ‘लांबोडा’ म्हणून त्याला चिडवायचे. पुढचे यमक आपणा सर्वांना पाठ आहे.

बाबांची भूमिका इतकी रिकामी का, याचेही कारण अर्थव्यवस्थेत सापडते. कुंभाराच्या मुलाला बापाचे काम दिसत असे, म्हणून तो चाक खेळे. शेतकऱ्याचा मुलगा मातीचे बैल करी, काटकीचा नांगर करी. उत्पादनाची जागा घरापासून तुटली, बाप गिरणीत, कचेरीत किंवा कंपनीत जाऊ लागला आणि मुलाच्या दृष्टीने त्याचे काम म्हणजे जाणे आणि येणे एवढेच उरले. जे दिसत नाही ते खेळता कसे येणार? आज आईसुद्धा कामावर जाते. पण ती परत आल्यावर पोळ्या लाटताना दिसते, आणि बाप परत आल्यावर मोबाइल पाहताना दिसतो. मूल जे पाहते तेच मांडते.

मुलींचे नुकसान वेगळ्या जातीचे आहे. ते मोजायचे तर खेळाचे अंतर मोजले पाहिजे. सागरगोटे, काचापाणी, ठिक्कर, भातुकली हे खेळ हाकेच्या टप्प्यातले आहेत. ते कधीही सोडता येतात, दूध उतू जाताच उठता येते, आणि पुन्हा येऊन बसता येते. विटीदांडू, सूरपारंब्या, पोहणे, आता क्रिकेट, हे हाकेपलीकडचे. तिथे झाडाची उंची आहे, पडण्याचा अनुभव आहे, परक्या आळीतल्या मुलांशी नियमांवरून भांडून नवा नियम ठरवण्याची संधी आहे. मुलींना दमदार खेळ आपल्या परंपरेत नव्हते असे नाही. फुगडी, झिम्मा आणि मंगळागौरीचे खेळ खेळून पाहावेत म्हणजे कस कळेल. पण त्यांचे दिवस पंचांगाने ठरवलेले. रोजची संध्याकाळ त्यांची नव्हती. माझी धाकटी बहीण विटीदांडूत माझ्याहून सरस होती. ती अकरा वर्षांची झाली आणि एके दिवशी ‘आता पुरे’ म्हणून तिला घरात बोलावण्यात आले. त्या दिवसापासून आमच्या गटात मी पहिला आलो. तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. त्यात दिवसभरात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. हे काम जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ही मोजणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढच्या माणसांची आहे. म्हणजे भातुकलीच्या वयापासून सरकारही वेळ मोजू लागते!

आणि येथेच वर्गाचा प्रश्न उभा राहतो. तो टाळून या विषयावर बोलणे म्हणजे शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात बसून बोलणे होय. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावाने, व्यवहार पुरुषाशी. पहाटे आईबाप फडात गेले की कोपीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर धाकटे भावंड उरते. या मुलीला बाहुलीची गरज नाही. तिच्याकडे खरे मूल आहे. तिचा साचा खेळातून घडत नाही, तिच्यावर थेट कामच येऊन पडते. मुलींना गाड्या द्याव्यात की बाहुल्या, हा प्रश्न तिच्या बाबतीत गैरलागू आहे. तिला आधी हवा आहे मोकळा हात आणि मोकळा तास.

हे ज्यांनी फार पूर्वी ओळखले त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली वस्तीत मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडी आली. मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात नेली. आणि मुली भावंडे सांभाळतात म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर ठेवले. या तिसऱ्या गोष्टीचे मोल आपल्याला अजून कळलेले नाही, असे माझे मत आहे. स्त्री-पुरुष समतेवर एकही व्याख्यान न देता त्यांनी मुलीच्या कडेवरचे मूल उतरवून घेतले. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिला पन्नास वर्षे होऊन गेली. पण पाळणाघर मात्र त्या शब्दातून गळून पडले.

आता बाजाराकडे वळतो. खेळण्यांच्या दुकानात गेलात तर एक भिंत गुलाबी आणि एक निळी दिसेल. ही परंपरा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील सीअर्स कंपनीच्या जुन्या विक्रीसूचींचा एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला. १९७५ च्या सूचीत ‘हे मुलांसाठी’ किंवा ‘हे मुलींसाठी’ असे उघड सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी होती. स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा तो काळ होता. विभागणी पुढच्या दशकांत पुन्हा वाढली. त्यामागचे गणित साधे आहे. थोरल्या बहिणीची सायकल धाकट्या भावाला चालली तर कंपनीची एक सायकल खपते. ती गुलाबी केली की दोन खपतात. बाजार माणसांचे जितके तुकडे पाडील तितका त्याचा खप वाढतो.

तयार खेळण्याचा आणखी एक दोष आहे. प्लॅस्टिकचा गॅस, प्लॅस्टिकचा मिक्सर आणि रंगवलेला टोमॅटो असा संच घरी आला की कौलाचा तवा होण्याची गरज उरत नाही. पूर्वी भूमिका बांधलेल्या होत्या, निदान वस्तू तरी मोकळ्या होत्या. आता वस्तूही बांधल्या गेल्या. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून आकृत्या उभ्या करून दाखवल्या, पुण्यात राहून अशी कितीतरी खेळणी टाकाऊ वस्तूंतून मुलांच्या हाती दिली. त्या काड्यांवर मुलाचे नाव लिहिलेले नसते, मुलीचेही नसते. आपल्या अंगणवाड्यांतून असे साहित्य भरपूर असावे, त्याला खर्च जवळजवळ नाही.

काही जण म्हणतील, हे सारे निसर्गाचेच आहे. मुलगे उपजतच गाडीकडे धावतात. मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. आवडीतले काही फरक फार लहानपणी दिसू लागतात आणि त्यात शरीरधर्माचा वाटा किती यावर संशोधकांत वाद आहे, एवढे मी वाचले आहे. पण सरासरीतला फरक हा एखाद्या मुलाभोवती कुंपण घालण्याचा परवाना होत नाही. दुसरे असे की, आपण ज्याला मुलाचा स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा आपल्या डोळ्यांत असतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्ड्री यांच्या प्रयोगात एकाच नऊ महिन्यांच्या बाळाची एकच फीत प्रौढांना दाखवण्यात आली. पेटीतून एकदम उसळणाऱ्या बाहुल्याकडे पाहून बाळ रडू लागते. ज्यांना बाळ मुलगा आहे असे सांगितले होते त्यांना ते रागावलेले वाटण्याकडे कल होता. मुलगी आहे असे सांगितलेल्यांना ते घाबरलेले वाटले. रागावलेल्याला आपण खेळणे देतो, घाबरलेलीला कडेवर घेतो. वर्षभर असे झाले की स्वभाव तयार!

आपणही या दृष्टिदोषातून सुटलेले नाही. साने गुरुजींच्या ठायी जे अपार वात्सल्य होते त्याला शब्द शोधताना आपल्या परंपरेने ‘मातृहृदयी’ हे विशेषण काढले. गौरवासाठीच काढले. पण पुरुषाला कोवळे मन असायचे तर ते आईकडून उसने घ्यावे लागते, असेच त्यातून मुलाला कळणार ना?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडत आहेत, असे चित्र आले. फार चांगले झाले. मात्र चित्रातल्या बाबांच्या हातातली जुडी आणि घरातल्या बाबांचे रिकामे हात यांत मूल घरातल्या हातांवर विश्वास ठेवील.

येथे जमलेल्या सेविका भगिनींना मी काही शिकवावे अशी माझी पात्रता नाही. त्यांच्या तक्रारी मला ठाऊक आहेत: आहाराच्या नोंदी, वजनाच्या नोंदी, मोबाइलवर भरायची माहिती, आणि या सगळ्यातून मुलांशी खेळायचा तास सर्वांत आधी कापला जातो. त्यांच्या मोबदल्याला सरकार आजही मानधन म्हणते, वेतन म्हणत नाही. सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साल उजाडले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. माझ्या नातीच्या भातुकलीत आईला चिंचोके मिळत नव्हते. राज्यकर्ते तीच भातुकली मोठ्या प्रमाणावर खेळत आहेत. मुलांची काळजी घेणे हे बाईला उपजत येते, त्याचे दाम काय द्यायचे, असा तो हिशेब आहे. म्हणून वेतनाचा लढा आणि खेळाच्या तासाचा आग्रह या दोन मागण्या पक्षाने एकाच पत्रकात मांडाव्यात, अशी माझी सूचना आहे. पाळणाघराची मागणी त्यात तिसरी.

बाकी कार्यकर्त्यांना एकच विनंती. मुलांच्या खेळात कार्यक्रमपत्रिका घेऊन शिरू नका. ‘आज मुलगे स्वयंपाक करतील, मुली ट्रक चालवतील’ असा आदेश काढलात तर मुले तेवढा वेळ तुमचे समाधान करतील आणि पाठ वळताच आपला खेळ मांडतील. त्या सहा वर्षांच्या मुलाने आचारी होऊन वाट काढली, तशा वाटा मुले स्वतः काढतात. त्यांना जागा, वेळ आणि अर्थ न ठरलेल्या वस्तू पुरवा. मोठ्यांनी आपल्या घरात काय करायचे, ते निराळे सांगायला नको.

त्या दिवशीचा खेळ कसा संपला ते सांगायचे राहिले. आचाऱ्याचा भात शिजत आला होता, वऱ्हाड यायचे होते, पत्रावळी म्हणून बदामाची पाने मांडून झाली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नातीला हाक आली, पाने घ्यायला. ती उठली, आणि ती उठताच लग्न मोडले. बाकीची मुले पांगली. आचारी थोडा वेळ एकटाच वाळू ढवळत राहिला. मी तिथेच झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. हाक मलाही ऐकू आली होती. ती माझ्यासाठी नव्हती, आणि मी उठलो नाही.